रेडीचा खुंट

म्हशीनं लाथ घातली नसती तर मी आज हे लिहायला उरले नसते. डॉक्टरांच्या तोंडावरही मी हे बोलले आहे. ते हसून म्हणाले, "थोडं श्रेय आम्हालाही द्या की." तुमचं देते हो, पण आधी म्हशीचं.

आमचं घर गवळ्याचं. कोल्हापुरात पेठेतल्या गल्लीत पुढं गोठा, मागं दोन खोल्या, आणि दोन्हींत शेणाचा, पेंडीचा, दुधाचा मिळून असा एक वास, की ज्याला तो सोसत नाही त्यानं आमच्याकडं जेवायला येऊ नये. संध्याकाळी चौकातल्या कट्ट्यावर आमच्या म्हशी उभ्या असतात. गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत धार काढायची आणि फेसाळ पेला तसाच गरम हातात द्यायचा. माझं माहेर कोडोलीचं, शेतकऱ्याचं, त्यामुळं धार मला लग्नाआधीच येत होती. हाक मात्र मी इथं येऊन शिकले. नवरा म्हशी नदीवर धुऊन परत आणायचा. त्या गल्लीच्या तोंडाशी दिसल्या की मी गोठ्याच्या दारातून ओरडायची, "येऽऽऽ गं बाई!" एका दमात. सहाच्या सहा म्हशी माना वर करून पळत सुटायच्या आणि नवरा मागनं नुसतीच काठी हलवत यायचा. गल्लीतले लोक म्हणायचे, काकूच्या हाकेला नदीपलीकडच्या म्हशी पण वळतात. वळत असतील. आवाजाच्या बाबतीत मी कधी नम्रपणा केला नाही.

त्या वर्षी दिवाळी नुकतीच होऊन गेली होती. आमची थोरली म्हैस महिन्याभरात व्यायला आली होती. गोठ्यातली सगळ्यात गुणी म्हैस ती. मी तिच्या पायाच्या गोचिड्या काढत बसले होते. कुठं दुखलं तिला कुणास ठाऊक, अशी लाथ बसली की मी गव्हाणीपाशी जाऊन आडवी. डाव्या बरगडीत कळ मारली ती थांबेना. मुलगा तेव्हा नुकता नोकरीला लागला होता. त्यानं गाडीवर घालून दवाखान्यात नेलं. बरगडी मोडली असेल म्हणून छातीचा एक्स-रे, म्हणजे आमच्या भाषेत फोटो, काढला. बरगडी ठणठणीत होती. तिच्या वर, फुप्फुसात, एक डाग होता.

मग मोठा दवाखाना, मोठं मशीन, सुई घालून काढलेला तुकडा. आणि एका दुपारी डॉक्टरांनी आम्हा तिघांना समोर बसवून सांगितलं की हा कॅन्सर आहे. नवरा बोलायला कंजूष माणूस. पण त्या दिवशी तो तावातावानं म्हणाला, "आवो पर ही बिडी वढत न्हाई!" जणू डॉक्टरांनी माझ्यावर आळच घेतला होता. डॉक्टर म्हणाले, न ओढणाऱ्यांनाही होतो, कशानं झाला ते आता सांगता येणार नाही. ते निदान नीट बोलले. गल्लीतल्या एका बाईनं नारळ घेऊन भेटायला येऊन, माझ्याच घरचा चहा पीत विचारलं, "चोरून तंबाकू खात व्हतीस काय गं?" मी म्हटलं, "व्हय, तुझ्याच डबीतली." परत आली नाही.

ऑपरेशनमध्ये डाव्या फुप्फुसाचा वरचा भाग काढला. शुद्धीवर आले तर बरगड्यांतनं एक नळी बाहेर, नळीला बाटली, बाटलीत बुडबुडे. एक नर्स तीन गोळ्यांचं खेळणं घेऊन आली. नळीतनं श्वास आत ओढायचा की गोळ्या वर चढतात. तिन्हींपैकी एक गोळी जागेवर हलली, बस्स. मी नर्सला विचारायला तोंड उघडलं, की झालं का, आणि माझ्या तोंडातनं कुणीतरी दुसरीच बोलली. खरखरीत, बसकी, अर्ध्यात हवा गेलेली. मला वाटलं नळ्यांमुळं असेल. चार दिवसांनी डॉक्टरांनी सांगितलं, आवाजाची नस तिथूनच जाते, ती दुखावली आहे. काही महिन्यांत सुधारेल, किती सुधारेल ते बघू.

घरी सोडताना मी त्यांना सरळ विचारलं, "किती दिवस हाय मी?"

ते कागद मिटून म्हणाले, "मी ज्योतिषी नाही, काकू. पण गाठ लहान असताना सापडली. आजूबाजूच्या ग्रंथीही तपासल्या, त्या स्वच्छ निघाल्या. म्हणजे आशा धरायला भरपूर जागा आहे. सुरुवातीला दर सहा महिन्यांनी फोटो, मग वर्षाला एक. पाच वर्षं नीट गेली की मी निवांत झोपेन."

"आणि मी?"

"तुम्ही आजपासून झोपा. आणि रोज चाला."

मी घरी आले आणि तिसऱ्या दिवशी थोरली व्यायली. रेडी झाली. काळी कुळकुळीत, कपाळावर पांढरा टिपका. मला गोठ्यात जायला बंदी होती, वैरणीची धूळ नको म्हणून. तोंडाला फडकं बांधून मी दारातूनच बघत होते. थोरली तिला चाटत होती. आणि मागं नवरा मुलाला म्हणाला, "हिला इकून टाकू."

रेडा झाला तर विकतात. रेडी विकत नाहीत, रेडी म्हणजे उद्याची म्हैस. मी विचारलं, "का?"

नवरा माझ्याकडं न बघता म्हणाला, "रेडी दुधाला यायला चार वरसं लागत्यात. चार वरसं कोण बगणार?"

गोठ्यातली लहान रेडकं आमच्याकडं पहिल्यापासून मीच वाढवायची. त्याच्या मनात काय होतं ते त्यानं बोलून दाखवलं नाही, पण मला ऐकू आलं. मुलालाही आलं, तो उठून पाण्याची बादली भरायला गेला. एखाद्याला डॉक्टर सांगतात किती दिवस उरलेत ते. मला माझ्या नवऱ्यानं म्हशीच्या हिशोबात सांगितलं. इतका संताप आला की टाके ताणले गेले.

"मी बगतो," मी म्हटलं. (आमच्याकडं बायकाही असंच म्हणतात, बाहेरच्यांनी दचकू नये.) "मी बगतो चार वरसं. हिची पयली धार मीच काढणार. इकायचं नाव काढलंसा तर बगा."

आवाज कसला, नुसती खरखर. पण दम दिला तो दिलाच.

त्यानं रेडी विकली नाही. पण तिच्यासाठी खुंटही ठोकला नाही. आमच्यात ठेवायच्या जनावराला लगेच स्वतःचा खुंट मिळतो. खुंट ठोकला म्हणजे ते घरातलं झालं. ही बिचारी आईच्याच खुंटाला बांधलेली, पाहुण्यासारखी. तीन महिन्यांनी डॉक्टरांनी हात हलवायला मोकळीक दिली, तेव्हा मी दुपारी घरात कुणी नसताना बाभळीचा खुंट घेतला आणि स्वतः ठोकला. चार घाव घातले की बसायचं, दम घ्यायचा, परत चार घाव. वाकडा बसला. नवऱ्यानं संध्याकाळी बघितला, उपटला नाही. सरळही केला नाही.

ही त्या वर्षातली एकच जीत. बाकी सगळी हार. मी मोठ्या हौसेनं थोरलीची धार काढायला बसले. जाताना दारातून हाक मारली, "येऽ गं…" आणि दमच संपला. श्वास घेतला, मग म्हटलं, "बाई." सहापैकी एकीनंही मान वर केली नाही. थोरलीच्या कासेला हात लावला तर ती अंग चोरून बाजूला सरकली. परकी बाई बसली असं तिला वाटलं. पान्हा सोडेना. जिच्या लाथेनं मी वाचले, तिनंच मला ओळखलं नाही. मी तिथंच बादलीवर बसून रडले. ऑपरेशनला रडले नव्हते, कॅन्सर म्हटल्यावर रडले नव्हते. नवऱ्यानं माझ्या हातातनं चरवी घेतली आणि म्हणाला, "तू रेडकाकडं बग." मला पेन्शनीत काढलं म्हणा की.

मग मी बघितलं रेडकाकडं. डॉक्टरांनी चालायला सांगितलेलं. एकटी चालले तर लोक थांबवून विचारणार, आता कसं हाय, जेवण जातंय का, वजन कमी झालंय की गं. म्हणून रेडीला दाव्याला धरून निघायची. पहिल्यांदा चार घरं. मग कोपरा. मग चौक. म्हैस बरोबर असली की लोक म्हशीबद्दल विचारतात. सहा महिन्यांनी आम्ही दोघी नदीच्या घाटापर्यंत पोचलो. जाताना उतार, येताना चढ. चढावर मला तीनदा थांबावं लागायचं. पहिल्या पहिल्यांदा रेडी दाव्याला हिसका द्यायची, मग तिला कळलं. मी थांबले की ती थांबायची, माझा श्वास खाली बसला की आपणहून पाऊल टाकायची. एकदा टपरीवर बसलेला एक जण ओरडला, "काकू, तुम्ही म्हशीला फिरवताय का म्हैस तुम्हास्नी?" मी म्हटलं, "आमी एकमेकीला फिरवतोय. तुला कोण फिरवतंय ते बग." टपरीवरचे सगळे त्याला हसले.

त्या चढाचं गणित मला तोंडपाठ आहे. पहिल्या वर्षी तीन थांबे, दुसऱ्या वर्षी दोन, तिसऱ्या वर्षी एक. डॉक्टर म्हणाले, उरलेलं फुप्फुस हळूहळू पसरतं, रिकामी जागा भरून काढतं. तीन गोळ्यांचं खेळणं मी गोठ्यातल्या कोनाड्यात ठेवलं होतं. तिसरी गोळी पहिल्यांदा वर टेकली तेव्हा मी एवढ्या जोरात "हाऽ!" केलं की दोन म्हशींनी शेपट्या उचलल्या.

सगळं परत आलं असं नाही, खोटं कशाला बोलू. थंडीत वणाची जागा अजून ओढते. छातीच्या डाव्या बाजूला तळहाताएवढी जागा बधिर आहे, तिथं मुंगी चावली तर कळत नाही. जिना चढून लगेच भांडायचं म्हटलं तर भांडण दोन मिनिटं उशिरा सुरू होतं. आवाज सुधारला, लोकांना कळण्याइतका. पण तो जुना भोंगा काही परत आला नाही.

आणि दर सहा महिन्यांनी तो फोटो. फोटोच्या आधीचा आठवडा आमच्या घरात कुणी भांडायचं नाही, म्हणजे बघा कसला आठवडा. नवरा गोठ्यात उगाच झाडलेलं परत झाडायचा. मुलगा मोबाइल उलटा ठेवायचा. आणि मी रेडीशी बोलायची. तिला सांगायची, अजून तीन वर्षं. अजून अडीच वर्षं. स्वच्छ फोटो आला की तिला त्या दिवशी मूठभर पेंड जास्त. रेडी सहा-सहा महिन्यांनी माझ्यामुळं गुटगुटीत होत गेली.

एकदा गंमत झाली. मुलगा रेडीला नदीवर घेऊन गेला होता, ती पाण्यातनं बाहेर येईना. त्यानं माझी जुनी हाक मारली, लहानपणापासून ऐकलेली, अगदी तशीच, "येऽऽऽ गं बाई!" एका दमात. रेडीनं कानही हलवला नाही. पोरगा कमरेएवढ्या पाण्यात उतरून तिला ओढून घेऊन आला, बूट हातात. मला म्हणाला, "आई, तुझी म्हैस बहिरी हाय." मी हसले आणि विसरून गेले.

रेडी पहिल्या खेपेला उलटली, म्हणजे गाभण राहिली असं वाटलं आणि राहिली नव्हती. नवरा म्हणाला, बघ. मी म्हटलं, काय बघ? तिला तिच्या वेळेनं होऊ दे. दुसऱ्या खेपेला राहिली. चार वर्षांच्या ठिकाणी पावणेपाच झाली, पण श्रावणात व्यायली. तिलाही रेडीच झाली. आणि पहिली धार मी काढली. सगळी गल्ली बघायला उभी होती असं म्हणायला मला आवडेल, पण नवरा आणि मुलगा एवढेच होते. सकाळचं ऊन गोठ्यात आलेलं, दाट पिवळा चीक चरवीत पडत होता, आणि मी नवऱ्याला म्हटलं, "कोण बगणार म्हणत व्हतासा न्हवं? ह्यो बगा." त्यानं खरवसाची वाटी दोनदा मागून घेतली. त्याच्या भाषेत ती माफी.

इथंच गोष्ट संपली असती तर बरं झालं असतं. पण त्याच्या थोडं आधी झालेल्या फोटोत उजव्या फुप्फुसात एक बारीक टिपका दिसला होता. उजव्या, म्हणजे चांगल्या. डॉक्टर म्हणाले, काहीही असू शकतं, तीन महिन्यांनी मोठं स्कॅन करून बघू. मी घरी येऊन नवऱ्याला सांगितलं. तो उठून म्हशींना वैरण टाकायला गेला. पण नवी रेडी तीन महिने झाले तरी आईच्याच खुंटाला बांधलेली राहिली. मी रोज बघत होते. विचारलं नाही. विचारून काय ऐकायचं होतं?

स्कॅनची तारीख दिवाळीच्या तोंडावर आली. उपाशीपोटी या, म्हणून बजावलं होतं. मी पहाटे उठले, धारा काढल्या, अंघोळ केली आणि मुलाच्या गाडीवर बसून गेले. तिथं नर्सनं विचारलं, "काही खाल्लंय का?"

"न्हाई."

"काही प्यालात?"

"काय न्हाई. दूध तेवढं."

तिचं पेन थांबलं. "किती?"

"पेलाभर. मोठा पेला."

"कधी?"

"निघताना. रोज पितो की मी."

मुलानं कपाळावर हात मारला. मी म्हटलं, "आता काय झालं? दूध काय जेवण हाय व्हय?" आमच्या घरात कडक उपास असला तरी दूध चालतं. दूध पिऊन उपास मोडतो हे मी जन्मात ऐकलं नव्हतं. बाकावर शाहूवाडीकडचे एक म्हातारे बसले होते, ते म्हणाले, "बरोबर हाय बाई, दूध पिल्यावर माणूस उपाशीच असतंय." नर्स पण हसली, पण बोटातनं रक्त काढून साखर तपासली आणि परत पाठवलं. पुढची तारीख दिवाळीनंतरची. येताना मुलानं गाडीवर एकही खड्डा चुकवला नाही. चूक माझी होती. पण उत्तर आणखी आठ दिवस लांबलं म्हणून मला सुटल्यासारखंही वाटत होतं. भित्रेपणा होता तो, दुसरं काय.

म्हणजे पाडव्याला आम्हाला काहीच माहीत नव्हतं. आमच्याकडं दिवाळीच्या पाडव्याला म्हशी पळवतात. सकाळपासून अंघोळी, शिंगांना रंग, गळ्यात कवड्यांच्या माळा, डोक्यावर मोरपिसांचा तुरा. मग मैदानात मालक पुंगळी, म्हणजे सायलेन्सर, काढलेल्या गाडीवर बसून फटफटत पुढं जातो आणि म्हैस त्याच्या मागं पळते. किंवा म्हैस एका टोकाला धरून ठेवायची, मालकानं दुसऱ्या टोकाला जाऊन हाक मारायची. गर्दीतनं, धुरातनं, आवाजातनं जी मालकाकडं सरळ येते ती खरी. हे काम पुरुषांचं. मी इतकी वर्षं दारात उभी राहून बघायची.

सकाळी मी नवऱ्याला ओवाळलं. त्यानं ताटात घालायला खिशात हात घातला. मी म्हटलं, "पैसं नकोत. आज रेडीला मी हाक मारणार. हीच वोवाळणी."

"खुळी हाईस काय? धूर केवडा असतोय. रिपोर्ट येऊ दे. पुढच्या वरसी मार."

"पुढच्या वरसीची कुणी चिठ्ठी दिलीया तुम्हास्नी?"

त्यानं ताटातल्या दिव्याची वात सारखी केली. मग म्हणाला, "त्वांडाला वला पंचा बांध."

मैदानात मुलानं रेडीला एका टोकाला धरलं. तिला अजून आम्ही रेडीच म्हणायचो, लेकुरवाळी झाली तरी. मी चालत दुसऱ्या टोकाला गेले. मध्ये दीडशे पावलं. दोन्ही बाजूंना माणसं, हलगी, आणि पुंगळ्या काढलेल्या पंधरा-वीस गाड्या नुसत्या घरघरत. मी पंचा खाली केला आणि हाक मारली. माझी मलाच ऐकू आली नाही. परत मारली. पुढचे दोघं-तिघं हसले. कुणीतरी म्हणालं, "काकू, ऱ्हाऊ दे, पोराला मारू दे हाक." मला वाटलं, झालं, थोरलीसारखंच होणार. चारचौघांत.

तेवढ्यात माझा नवरा, जो बायकोशी दिवसाला दहा शब्द बोलतो, तो काठी घेऊन मैदानाच्या मध्ये आला आणि असा ओरडला की मी तीस वर्षांत ऐकला नव्हता. "बंद करा रे त्या फटफट्या! मालकीण हाक मारती हाय!"

एक गाडी बंद झाली, मग दुसरी. हलगीवाला थांबला. मी जेवढा मावेल तेवढा श्वास घेतला.

"येऽऽ गं…"

दम संपला. कुठं संपतो तिथंच. श्वास घ्यायला थांबले, आणि त्या थांबण्यातच, मी अजून पुढचं बोलले नव्हते, रेडीचे कान उभे राहिले.

"…बाई!"

मुलाच्या हातातनं दावं केव्हाच सुटलं होतं. कवड्या खळखळत, तुरा वाकडा झालेला, ती सरळ रेषेत आली. तेव्हा मला कळलं मुलाची हाक तिनं का ऐकली नव्हती ते. ती बहिरी नव्हती. थोरलीला माझा जुना आवाज माहीत होता, म्हणून नवा परका वाटला. हिनं जन्मल्यापासून, रोज घाटावर पाण्यातनं बोलावताना, हाच ऐकलेला. मध्ये तुटलेला, दम घेणारा. हिच्या लेखी हाक म्हणजे तीच, मधल्या श्वासासकट. पाच वर्षं मी ज्या आवाजासाठी रडत होते तो हिला नकोच होता. तिनं येऊन शिंगांचा ओला रंग आणि डोक्याचा गुलाल माझ्या नव्या साडीला पुसला. वाटोळं झालं साडीचं. मैदान नुसतं ओरडत होतं. मी तिच्या गळ्यात पडून हसत होते, रडत होते, आणि मघाशी बोलणाऱ्याला शोधत होते. "कुठं गेला रे पोराला हाक मारू दे म्हणणारा? नाद करायचा न्हाई!"

पुढच्या आठवड्यात स्कॅन झालं. पाण्याचा थेंब घेतला नाही, नर्सनं दोनदा विचारलं. रिपोर्टच्या दिवशी सकाळी मी नवऱ्याला म्हटलं, चला. तो म्हणाला, "जनावरांचं कोण बगणार? तुम्ही दोघं जावा." पाच वर्षांतला एवढा मोठा दिवस आणि हा माणूस वैरण कापतोय. मी चप्पल आपटत निघाले.

डॉक्टरांनी फोटो उजेडाला लावला. जुना फोटो शेजारी धरला. मग म्हणाले, "हा टिपका जुन्या जखमेचा डाग आहे. तसाच आहे, वाढलेला नाही. बाकी सगळं स्वच्छ." मी म्हटलं, "म्हणजे?" ते म्हणाले, "म्हणजे वर्षातून एकदा मला भेटायला या. बाकी वर्ष तुमचं." मुलगा खुर्चीतच वाकून दोन्ही हातांत तोंड घालून बसला. त्याच्या पाठीवर हात फिरवताना मला जाणवलं, हा पाच वर्षं नीट टेकूनसुद्धा बसला नव्हता. मी डॉक्टरांना म्हटलं, "आता झोपा निवांत."

येताना सबंध रस्ता मी ठरवत आले, नवऱ्याला लगेच सांगायचंच नाही. आला नाही ना? बसू दे तसाच. गाडीवरनं उतरले, त्याच्याकडं न बघता सरळ गोठ्यात गेले, नव्या रेडीला कुरवाळायला.

माझ्या वाकड्या खुंटाच्या शेजारी नवा खुंट होता. बाभळीचा, सरळ, वरनं तासलेला. भोवतीची माती अजून ओली.

नवरा दारात येऊन उभा राहिला. मी विचारलं, "ह्यो कवा ठोकला?"

"सकाळी. तुमची गाडी गल्लीतनं भाईर पडली, तवाच."

"रिपोर्ट काय आलाय ते तरी इचारा."

"इचारतो की. सांगशील न्हवं?" तो म्हणाला. "पर हिला दुधाला यायला चार वरसं लागत्यात. बगायला तू हाईस, म्हणून ठोकला."

रिपोर्ट सांगायचा तसाच राहिला. त्याच्यासारखीच झाले त्या क्षणी. खाली बसले, आईच्या खुंटावरनं रेडीचं दावं सोडलं आणि नव्या खुंटाला बांधलं.